वेळ हाही एक जिन्नस: जर्मन घरातलं खाण्याचं वर्ष

आजचा भाग थोडा लांबणार आहे. शक्यतो उपाशीपोटी ऐकू नका.

जर्मनीत राहतो म्हटलं की ओळखीचे लोक विचारतात, "मग तिथलं काही करतोस का रे घरी?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतात, "करणार काय म्हणा, ब्रेड आणि बटाटा!" आता ब्रेड आणि बटाटा आहेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण गेली काही वर्षं इथे न्युर्नबर्गमध्ये, एका लहानशा ओव्हनवर, मी इथले ऋतूंचे पदार्थ करतोय, आणि माझं मत असं झालंय की या स्वयंपाकात काय घालायचं यापेक्षा कधी करायचं आणि किती थांबायचं हे जास्त महत्त्वाचं असतं. वेळ हा इथे जिन्नस आहे. मीठ विसरलं तर जसं कळतं, तसं थांबणं गाळलं की कळतं.

आणि हे आत्ताच बोलायचं कारण म्हणजे हा भाग मी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रेकॉर्ड करतोय. सुपरमार्केटमध्ये ख्रिसमसची लेबकूखन सप्टेंबरपासूनच रचून ठेवलीयेत. बाहेर ऊन, लोक अर्ध्या बाह्यांत, आणि शेल्फवर सांताक्लॉज! मला त्याचा राग येतो, आणि तो का येतो हे सांगण्यासाठी आधी वसंतापासून सुरुवात करायला लागेल.

इथल्या वसंताचा राजा म्हणजे श्पार्गल, पांढरा अ‍ॅस्परॅगस. आपली आयुर्वेदातली शतावरी याच कुळातली, त्यामुळे नातेवाईकच म्हणा. एप्रिलच्या मध्यापासून रस्त्याच्या कडेला विक्रीच्या टपऱ्या उभ्या राहतात. आमच्या शहराच्या उत्तरेला क्नोब्लाउख्सलांड नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे, शब्दशः 'लसणाचा मुलूख'. तिथला श्पार्गल सकाळी काढून दुपारी बाजारात येतो. तो पांढरा का, तर त्यावर मातीचे उंच वरंबे चढवलेले असतात. कोंबाला उजेडच मिळत नाही, म्हणून हिरवा रंग धरत नाही. प्रत्येक कोंब माती बाजूला सारून हातानं कापावा लागतो. किंमत ऐकून पहिल्यांदा माझे डोळे पांढरे झाले होते, पण ती उगाच नाही.

आणि मग २४ जून. योहानिस्टाग, संत योहानाचा दिवस. त्या दिवशी श्पार्गल बंद. बाजारात मागणी असते, जमिनीत कोंब असतात, तरी बंद. मला आधी वाटलं, असेल काहीतरी धार्मिक. तसं नाही. श्पार्गल हे वर्षानुवर्षं त्याच जागी राहणारं झाड आहे. आपण खातो तो त्याचा कोवळा कोंब. सगळेच कोंब कापत राहिलात तर झाडाला पानं फुटणार नाहीत, आणि पानं नाहीत तर पुढच्या वर्षासाठी मुळांत अन्न साठणार नाही. म्हणून जूनच्या शेवटी त्याला सोडून द्यायचं. उन्हाळाभर ते पिसाऱ्यासारखं वाढतं. शेतकऱ्यानं ठरवलेली ही तारीख संताच्या नावानं लक्षात राहते, एवढंच.

करायला तो सोपा आहे. दोन कोंब एकमेकांवर घासले तर चूं असा आवाज आला पाहिजे, म्हणजे ताजा. टोक सोडून खालपर्यंत साल काढायची, आणि जरा सढळ हातानं, नाहीतर खाताना दोरे लागतात. साली टाकायच्या नाहीत! त्या मीठ, चिमूटभर साखर आणि थोडं लोणी घातलेल्या पाण्यात उकळायच्या, गाळायच्या, आणि त्याच पाण्यात कोंब शिजवायचे. उरलेल्या पाण्याचं दुसऱ्या दिवशी सूप. सोबत उकडलेले नवे बटाटे. हॉलंडेझ सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो, तो चालत नसेल तर नुसतं वितळवलेलं लोणी. मला विचाराल तर लोणीच बरं.

वसंतातच रानात बेअरलाउख उगवतो, लसणाच्या वासाची रानटी पालेभाजी. त्याची चटणी सुरेख होते, पण इथे एक गोष्ट गांभीर्यानं सांगतो. त्याच्यासारखीच दिसणारी माइग्लॉक्शन आणि हेर्बस्टत्साइटलोझ नावाची दोन झाडं आहेत, आणि दोन्ही विषारी आहेत. पान चुरगाळून वास घ्या म्हणतात, पण चार पानांनंतर तुमच्या बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो, मग सगळंच बेअरलाउख वाटतं. पक्की पारख असलेला माणूस सोबत नसेल तर सरळ बाजारातून आणा.

ईस्टरच्या आधीचा गुरुवार म्हणजे ग्र्यूनडोनर्सटाग. नावातच 'ग्र्यून', म्हणजे हिरवं. त्या दिवशी फ्रँकफुर्टकडे हिरवा सॉस खातात. त्यात सात पालेभाज्या, ना सहा ना आठ: बोराज, चेर्विल, क्रेस, पार्सली, पिम्पिनेल, आंबट चुक्याची तिकडची बहीण आणि चाइव्ह. बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवायच्या, वर उकडलेली अंडी, बाजूला बटाटे. विस्तव लागतो तो फक्त अंडी आणि बटाट्यांपुरता. त्याच सुमारास श्वाबियात माउलटाशन करतात, मैद्याच्या पारीत सारण भरलेली मोठी चौकोनी पाकिटं. त्यांची दंतकथा मजेशीर आहे. उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून मठातल्या साधूंनी ते पालकात मिसळून पारीच्या आत लपवलं, देवाला दिसू नये म्हणून. एकादशी आणि दुप्पट खाशी, आपल्याकडंच नाही काही!

उन्हाळा मी पटकन उरकतो, कारण उन्हाळ्यात इथे लोक स्वयंपाक कमी आणि ग्रिल जास्त करतात. पण ऑगस्टच्या शेवटी त्स्वेच्गन येतात तेव्हा थांबायलाच हवं. हे लांबट, जांभळे आलुबुखार. गोल आलुबुखार वापरून तोच केक केला तर खाली लगदा होतो, कारण गोल्यांत पाणी फार. त्स्वेच्गनमध्ये रस कमी, गर घट्ट, आणि बी सहज सुटते. आउग्सबुर्गला याच्या केकला दाची म्हणतात. यीस्टचं पीठ ट्रेभर पातळ थापायचं, त्यावर फळांच्या फोडी कौलांसारख्या दाटीवाटीनं उभ्या लावायच्या, आणि भाजायचं. साखर नंतर, खाताना वरून. आधी घातली तर फळ पाणी सोडतं.

इथं पिठाबद्दल एक छोटा फाटा फोडतो. जर्मन पाककृतीत नुसतं 'मैदा' लिहिलेलं नसतं, ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. हे आकडे राखेचे आहेत! १०० ग्रॅम पीठ पूर्ण जाळलं तर मागे जितके मिलिग्रॅम खनिजं उरतात तो आकडा. कोंडा जास्त, राख जास्त, आकडा मोठा. केक-बिस्किटांना ४०५, यीस्टच्या गोड पिठाला ५५०. माझ्यातल्या इंजिनिअरला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू. आपल्याकडं पिठाच्या पिशवीवर असं एकच खरं माप असतं तर किती भांडणं मिटली असती.

सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची नवी वाइन येते, फेडरवायसर, अजून आंबत असलेली. तिच्या बाटलीचं झाकण घट्ट नसतं, कारण आत वायू तयार होत असतो. म्हणून ती आडवी ठेवत नाहीत. तिच्याबरोबर कांद्याचा केक, त्स्वीबलकूखन: भरपूर कांदा मंद आचेवर परतून, सायीत आणि अंड्यात मिसळून, यीस्टच्या पिठावर भाजलेला. शहाजिऱ्याच्या जातीचं क्युमेल घातल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. दोन-चार आठवडे हे चालतं. वाइन आंबून झाली की संपलं.

आता मुख्य विषय. थंडीची गोडी.

न्युर्नबर्ग लेबकूखनचं गाव कसं झालं, याची कारणं नकाशावरच दिसतात. शहराला लागून राइश्सवाल्ड हे मोठं जंगल, तिथं मध गोळा करणारे लोक मध्ययुगापासून होते. आणि व्हेनिसहून आल्प्स ओलांडून येणारा मसाल्याचा माल या शहरात उतरायचा. मिरी, सुंठ, वेलची मलबारची. लवंग आणि जायफळ त्याही पलीकडच्या मोलुक्का बेटांवरचं. त्या काळी 'फेफर', म्हणजे मिरी, हा शब्द परदेशी मसाल्यांना सरसकट वापरत. म्हणून इथे काही भागांत याच पदार्थाला फेफरकूखन म्हणतात, त्यात मिरीचा दाणा नसला तरी. लेबकूखनच्या मसाल्याची पुडी पहिल्यांदा फोडली तेव्हा मला घरचा मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटलं: दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, सुंठ, बडीशेपेसारखं आनिस. आणि धणे! गोडात धणे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चुकून आमटीचा मसाला दिला असेल त्यांनी."

दालचिनीबद्दल मात्र सावध. स्वस्त दालचिनी असते ती कासिया: जाड, खडबडीत, एकाच सालीची गुंडाळी. भारतातही बाजारात बहुतेक हीच मिळते. तिच्यात कुमारिन असतं, जे जास्त प्रमाणात यकृताला बाधू शकतं. २००६ साली इथे यावर मोठी चर्चा झाली, कारण ख्रिसमसची त्सिम्टश्टेर्न, म्हणजे दालचिनीच्या चांदण्या, मुलं मूठमूठभर खातात. सिलोन दालचिनीत कुमारिन नावापुरतं असतं. ती पातळ पापुद्र्यांची, सुरळीसारखी दिसते. चांदण्या करणार असाल तर तीच घ्या.

तर लेबकूखनचे दोन प्रकार. एक एलिझेन, ज्यात बदाम, हेझलनट, अक्रोड यांचं प्रमाण कमीत कमी २५ टक्के हवं आणि पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही. तो अंड्यात बांधलेला मऊ प्रकार, ओब्लाटन नावाच्या पातळ पापडीवर थापून भाजतात. लगेच करून लगेच खाता येतो. दुसरा जुना, मधाच्या पिठाचा, आणि माझं प्रेम त्याच्यावर.

त्याचं मूळ पीठ फक्त मध आणि पीठ. ५०० ग्रॅम मध कोमट करायचा, त्यात ५०० ग्रॅम पीठ, त्यातलं थोडं राईचं असलं तर उत्तम. मळा, झाकणाच्या भांड्यात घाला, आणि थंड जागी ठेवून द्या. फ्रिज नको, तळघर किंवा थंड खोली पुरते. चार आठवडे. पूर्वी महिनोनमहिने ठेवत. मधामुळं ते नासत नाही. या काळात पिठात सावकाश आंबटपणा तयार होतो, आणि त्या आंबटपणाचंच पुढं काम असतं.

चार आठवड्यांनी ते दगडासारखं झालेलं असतं. खोलीत ठेवून मऊ पडू द्यायचं, मग त्यात एक अंडं, १५ ग्रॅम मसाला आणि दोन क्षार मळायचे. पहिला पोटाशं, आपल्या पापडखाराचा चुलतभाऊ. तो पिठात साठलेल्या आंबटाशी मिळून वायू करतो आणि लेबकूखन आडवं पसरवतो. दुसरा हिर्शहॉर्नझाल्त्स, 'हरणाच्या शिंगाचं मीठ'. पूर्वी खरंच शिंगापासून करत, आता तो कारखान्यातला अमोनियाचा क्षार आहे. तो वर फुगवतो. दोन्ही ५-५ ग्रॅम, वेगवेगळ्या वाटीत, चमचाभर पाण्यात विरघळवून घ्यायचे; आधी एकत्र करायचे नाहीत. भाजताना अमोनियाचा असा भपकारा येतो की खिडकी उघडावीच लागते. म्हणूनच तो फक्त पातळ बिस्किटांत वापरतात. जाड केकमध्ये वास आतच अडकून बसेल. आणि कच्चं पीठ चाटायचं नाही, मुलांना हे आधीच सांगा. अर्धा ते पाऊण सेंटिमीटर जाड लाटून १८० अंशांवर १२-१५ मिनिटं.

बाहेर येतं ते कडक. इथं लोक निराश होतात. पण अजून थांबायचंय! पत्र्याच्या डब्यात, सफरचंदाच्या एका फोडीसोबत ठेवा. फोड दर दोन दिवसांनी बदला. आठवड्याभरात लेबकूखन हवेतला ओलावा ओढून मऊ होतं.

आता बघा, ज्या दिवशी तुम्ही पीठ मळलं त्या दिवसापासून पाच आठवडे झाले. घाईचं उत्तर म्हणजे बेकिंग पावडर घालून त्याच दिवशी भाजणं. होतं, खाताही येतं. पण मग ते मसाल्याचं बिस्किट असतं. चव बसायला, आंबायला, मुरायला मिळालेला वेळ त्यात नसतो. आपल्याकडं कैरीचं लोणचं घातल्याच्या दिवशी कोणी बरणी उघडून 'छान मुरलंय' म्हणेल का?

श्टोलन म्हणजे याच गोष्टीचं पुढचं पाऊल. त्याचं माहेर ड्रेस्डेन, तिथला श्ट्रीत्सलमार्क्ट १४३४ पासून भरतो. मूळचा श्टोलन मात्र अगदी रूक्ष होता. ख्रिसमसच्या आधीचे दिवस उपवासाचे, लोणी वर्ज्य, त्यामुळं पीठ, पाणी, यीस्ट आणि तेल. सॅक्सनीत चांगलं तेल मिळणं मुश्कील. शेवटी तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमला विनवण्या केल्या आणि १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी लोणी वापरायची परवानगी दिली, अर्थात दानाच्या बदल्यात. त्या पत्राला आजही 'लोण्याचं पत्र' म्हणतात. उपवासाला साबुदाणा कसा चालू लागला, असं कोणी विचारलं की मला हे पत्र आठवतं. आज तर ड्रेस्डेनच्या नावानं विकायच्या श्टोलनमध्ये पिठाच्या निम्म्याहून कमी लोणी चालतच नाही!

माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, मूळच्या ड्रेस्डेनकडच्या, ऐंशी उलटलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी श्टोलन करणं सोडलं, कारण बोटं धरतात, मळवत नाही. मुलगी विकतचा आणते. ती लांब राहते, नोकरी करते, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आजींनी वजनं कागदावर कधी लिहिलीच नव्हती, आणि एकदा जिन्यात त्या सहज म्हणाल्या, "आता ते माझ्याबरोबरच जाईल." मग आम्ही ठरवलं: मळायचं मी, सांगायचं त्यांनी, आणि वजनकाटा मध्ये ठेवायचा. त्या मूठ भरून देणार, मी मोजणार, मगच ते पिठात जाणार.

त्यातून हा हिशेब निघाला. पीठ ५०० ग्रॅम, लोणी २५०, दूध साधारण १२५ मिलिलिटर, ताज्या यीस्टची एक ४२ ग्रॅमची वडी, साखर ७५, बेदाणे ३५० (आदल्या रात्री रममध्ये भिजवलेले, रम नको असेल तर संत्र्याचा रस, पण मग फार दिवस ठेवू नका), संत्र-लिंबाच्या पाकवलेल्या साली १००, बदाम ७५, मीठ, लिंबाची किसलेली साल. अंडं अजिबात नाही, हे घरच्यांना आवर्जून सांगा. दूध, यीस्ट आणि थोड्या पिठाचं आंबवण आधी. मग बाकीचं पीठ आणि लोणी. सुकामेवा अगदी शेवटी, कारण आधी घातला तर बेदाणे फुटून पीठ काळपट होतं. १७५ अंशांवर तासभर. गरम असतानाच वितळवलेलं लोणी लावा, मुरलं की परत लावा, साखर भुरभुरा, आणि गार झाल्यावर पिठीसाखरेचा जाड थर. तो थर शोभेचा नाही. लोणी आणि साखर मिळून आतला ओलावा अडवतात, आणि तीन आठवड्यांत बेदाण्यांतला रस हळूहळू सगळ्या पावात पसरतो. पहिल्या दिवशीचा श्टोलन कोरडा पाव असतो, मध्ये मध्ये ओले बेदाणे. तीन आठवड्यांनी तो एकजीव असतो.

वेलचीवरून आमचं वाजलंच. मला अर्धा चमचा घालायची होती, पिस्तेही. आजी पिस्त्यांना नाही म्हणाल्या, वेलचीला थोडा विचार करून हो म्हणाल्या, कारण त्यांच्या आईच्या मसाल्यात ती होती. मग म्हणाल्या, "आत काय घालता ते तुमचं तुम्ही बघा. पण पहिल्या आडव्हेंटच्या आधी सुरी लावलीत, तर मला दाखवायला आणू नका."

आडव्हेंट म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार. तेव्हा पहिला रविवार. कापायचा तोही टोकाकडून नाही, मधोमध. हवा तेवढा तुकडा घेतला की दोन्ही भाग परत एकमेकांना चिकटवून ठेवायचे, म्हणजे कापलेली बाजू सुकत नाही. हे मला कुठल्याच पाककृतीत वाचायला मिळालं नव्हतं.

म्हणून सप्टेंबरातल्या त्या शेल्फचा मला राग येतो. आडव्हेंट येईपर्यंत लोकांना त्याचा कंटाळा आलेला असतो, आणि मग घरी पाच आठवडे थांबून ते कोण करणार? आजींच्या मुलीनं पुन्हा सुरू करावं असं माझं म्हणणं नाही. पण वजनं आता कागदावर आहेत, आणि गेल्या डिसेंबरात तिनं तो कागद मागून घेतला.

उत्तरेकडं ब्रेमेन, ओल्डेनबुर्गला थंडीत ग्र्यूनकोल, म्हणजे केल, खातात, पहिल्या हिमानंतर. तिकडं मी अजून हिवाळ्यात गेलेलो नाही, त्यामुळं त्यावर जास्त बोलत नाही. एवढं सांगतो की फ्रीझरमध्ये ठेवून ती गोडी येत नाही; थंडीत उभ्या असलेल्या जिवंत झाडातच साखर साठते.

बरं, आता वेळापत्रक. मधाचं पीठ या शनिवार-रविवारी मळा. श्टोलन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. लोणी आणि पीठ एक दिवस आधी बाहेर काढून ठेवा. व्हॅनिलाच्या चंद्रकोरी, फानिलेकिप्फर्ल, नोव्हेंबरअखेर केल्या तरी चालतात: २८० ग्रॅम पीठ, २०० लोणी, १०० बदामाची पूड, ८० साखर, तासभर गार करून वळायच्या, गरम असतानाच व्हॅनिला साखरेत घोळवायच्या. खूप ठिसूळ असतात, दोन बोटांनी उचलू नका, तळहातावर घ्या. पोटाशं आणि हिर्शहॉर्नझाल्त्स ऑक्टोबरनंतर सुपरमार्केटच्या बेकिंगच्या कप्प्यात छोट्या पुड्यांमध्ये मिळतात, डिसेंबरात बरेचदा संपलेले असतात. आजच घेऊन ठेवा.

पुढच्या भागात त्सिम्टश्टेर्नचं पांढरं आवरण करपू न देता कसं भाजायचं ते सांगतो. चला, भेटू.